मतपत्रिकेच्या शेवटी सत्तर न्यायाधीश

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शिकागो आणि त्याची उपनगरं ज्या कुक काउंटीत येतात, तिथल्या ५ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीची नमुना मतपत्रिका उघडली तेव्हा राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस, राज्याचं विधिमंडळ हे सगळं झटकन वाचून झालं. मग न्यायाधीशांची नावं सुरू झाली आणि ती संपेचनात. सत्तरहून अधिक नावांपुढे एकच प्रश्न होता: ‘यांना सर्किट कोर्टाच्या न्यायाधीशपदावर कायम ठेवावं का?’ होय किंवा नाही. (सर्किट कोर्ट म्हणजे खटले पहिल्यांदा जिथे चालतात ते कोर्ट.) पक्षाचं नाव नाही, समोर दुसरा उमेदवार नाही, आणि त्यातलं एकही नाव ओळखीचं नाही.

महाराष्ट्रात न्यायाधीश मतदानाने येत नाही. कनिष्ठ स्तराचा दिवाणी न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन येतो, उच्च न्यायालयातल्या नेमणुका कॉलेजियममधून होतात. न्यायाधीशाला ठेवायचं की नाही असं कुणी आपल्याला विचारेल, हेच मुळात मनात नसतं. म्हणून शॉमबर्ग, हॉफमन इस्टेट्स, पॅलटाइन या भागातल्या बऱ्याच मराठी घरांत हा भाग एकतर कोरा राहतो किंवा सरसकट ‘होय’ होतो. त्या वर्षी आम्ही दोघांनी तो नीट वाचून भरायचं ठरवलं. पाच आठवड्यांत मिळून बारा-तेरा तास गेले, पैसे जवळजवळ लागले नाहीत. पुढच्यांचे निम्मे तास वाचावेत म्हणून हे लिहिलं आहे.

आधी एक खुलासा. मत फक्त नागरिकांना आहे. ग्रीन कार्डवर किंवा एच-वन व्हिसावर असाल तर मतदार नोंदणी करूच नका, चुकूनसुद्धा नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर नोंदणीचा प्रश्न विचारला जातो तेव्हा स्क्रीन शांतपणे वाचून ‘नाही’ म्हणा. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात हीच चूक फार महाग पडते.

शनिवार, २८ सप्टेंबरला पहिलं काम केलं ते स्वतःची मतपत्रिका मिळवण्याचं. उपनगरांत राहणाऱ्यांना ती कुक काउंटी क्लार्कच्या संकेतस्थळावर नाव-पत्ता टाकून मिळते, शिकागो शहरातल्यांना शहराच्या निवडणूक मंडळाकडे. शेजारच्या गावातल्या मित्राने पाठवलेली मतपत्रिका वापरू नका, कारण काउंटीचे सबसर्किट, म्हणजे न्यायाधीश निवडण्याचे छोटे मतदारसंघ, पाडलेले आहेत. २०२२ च्या कायद्याने ते पंधराचे वीस झाले आणि सीमाही हलल्या. शॉमबर्गचा थोडा भाग तर ड्यूपेज काउंटीत मोडतो. तिथलं कोर्ट, तिथले न्यायाधीश सगळं वेगळं. नेपरविलच्या मंडळींसाठीही तेच: ड्यूपेज म्हणजे अठरावं सर्किट, विल म्हणजे बारावं.

मतपत्रिका छापून घेतल्यावर लक्षात आलं की न्यायाधीश दोन गटांत आहेत आणि दोन्हींचा अभ्यास वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो.

पहिला गट रिकाम्या जागांचा. इथे उमेदवार पक्षाच्या नावाने उभा असतो. मात्र कुक काउंटीत नोव्हेंबरमध्ये यातल्या बहुतेक जागांवर एकच नाव असतं, कारण खरी लढत मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, होऊन गेलेली असते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी जॉय कनिंगहॅम आणि जेसी रेयेस यांची लढत १९ मार्च २०२४ ला झाली. कनिंगहॅम जिंकल्या आणि नोव्हेंबरात त्यांच्यासमोर कुणीच नव्हतं. आम्ही मार्चमध्ये मतदानाला गेलो नव्हतो. ते चुकलं, हे सप्टेंबरात मतपत्रिका पाहताना कळलं. प्रायमरीत टेबलावर कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगावं लागतं आणि त्याची नोंद सार्वजनिक असते. आपल्या लोकांना त्याचा संकोच वाटतो. पण कुक काउंटीतला नवा न्यायाधीश निवडण्यात खरा हात घालायचा असेल तर मार्च चुकवून चालत नाही.

दुसरा गट रिटेन्शनचा, म्हणजे आधीच खुर्चीवर असलेल्यांचा. सर्किट न्यायाधीशाची मुदत सहा वर्षांची, अपील कोर्ट आणि सर्वोच्च न्यायालयाची दहा. मुदत संपताना मतदारांपुढे जावं लागतं आणि टिकायला ६० टक्के ‘होय’ लागतात. हे ६० टक्के त्या प्रश्नावर मत देणाऱ्यांचे. मतदानाला आलेल्या सगळ्यांचे नव्हेत. १०० जण मतदानाला आले आणि त्यातल्या ७० जणांनीच हा प्रश्न भरला, तर ४२ ‘होय’ पुरतात. म्हणून कोरी जागा म्हणजे ‘नाही’ नव्हे. ती मोजलीच जात नाही. आणखी एक गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती: सबसर्किटमधून निवडून आलेला न्यायाधीशही रिटेन्शनला आख्ख्या काउंटीपुढे येतो. त्यामुळे शॉमबर्गच्या मतदाराच्या यादीत शहराच्या दक्षिण टोकाचे न्यायाधीशही असतात.

सत्तर नावं एकेक करून शोधायला बसलात तर दहाव्या नावाला थकाल. आम्ही पहिल्या दिवशी तसंच केलं आणि दीड तासात फक्त चार नावं झाली. दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. आधी सगळ्या यादीवर एक ढोबळ चाळणी लावायची, तिच्यात जे अडकतील तेवढ्यांचाच खोलात अभ्यास करायचा.

चाळणीसाठी साधी स्प्रेडशीट केली. नावं मतपत्रिकेच्याच क्रमाने टाकली. वर्णानुक्रम लावला की मतदानाच्या दिवशी स्क्रीनवरचं नाव कागदावर शोधत बसावं लागतं. पुढचे रकाने असे: मुदत कधी सुरू झाली, कोणत्या विभागात बसतात, शिकागो बार असोसिएशनचं मत, शिकागो कौन्सिल ऑफ लॉयर्सचं मत, बाकीच्या बार संघटनांची मतं, शिस्तभंगाची नोंद, आणि शेवटी आमचा निर्णय.

बार संघटना म्हणजे वकिलांच्या संघटना, आणि या सगळ्या कामाचा कणा त्याच आहेत. उमेदवाराकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेतात, त्याच्यासमोर उभे राहिलेल्या वकिलांना फोन करतात, मग मुलाखत घेतात. शिकागो बार असोसिएशन हे काम स्वतंत्रपणे करते. बऱ्याचशा इतर संघटना ‘अलायन्स’ नावाने एकत्र तपासणी करतात आणि मत मात्र आपापलं देतात. त्यांत इलिनॉय स्टेट बार असोसिएशन आहे, महिला वकिलांची संघटना आहे, कृष्णवर्णीय, ज्यू, लॅटिनो वकिलांच्या संघटना आहेत, दक्षिण आशियाई वकिलांचीही आहे. सगळ्यांची मतं एका तक्त्यात मांडलेली ‘व्होट फॉर जजेस’ या संकेतस्थळावर मिळतात. ‘इनजस्टिस वॉच’ ही शिकागोतली ना-नफा वृत्तसंस्था प्रत्येक निवडणुकीला न्यायाधीशांची मार्गदर्शिका काढते. तिच्यात बातम्या, वादग्रस्त खटले, आधीची नोकरी अशी माहिती असते. हे सगळं फुकट आहे. अडचण वेळेची: रिटेन्शनची बरीचशी मतं ऑक्टोबरातच बाहेर येतात. सप्टेंबरच्या शेवटी आमचे निम्मे रकाने रिकामे होते. कोण उभं राहणार ते मात्र खूप आधी ठरलेलं असतं, कारण टिकू इच्छिणाऱ्या न्यायाधीशाला निवडणुकीच्या किमान सहा महिने आधी अर्ज द्यावा लागतो. नावं मे महिन्यातच लिहून ठेवता येतात, मतं नंतर भरायची.

साधारण १२ ऑक्टोबरपर्यंत तक्ता भरला. त्या रविवारी मोठा हुरूप आला, कारण बहुतेक ओळी स्वच्छ होत्या: सगळ्या संघटनांचं ‘पात्र’, कुठे वाद नाही. त्यांच्यावर आणखी वेळ घालवला नाही. उरली अकरा नावं.

इथे एक धोका आहे. ‘अपात्र’ किंवा ‘शिफारस नाही’ असं दिसलं की लगेच ‘नाही’ लिहावंसं वाटतं. पण जो उमेदवार तपासणीला सामोराच जात नाही त्यालाही संघटना हीच श्रेणी देतात. म्हणून आधी कारण वाचा. तपासणीला नकार, ज्ञान कमी, वकिलांवर ओरडतात, निकाल महिनोन्‌महिने लटकवतात, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या दृष्टीने त्यांचं वजनही सारखं नाही. माझ्या मते तपासणीला नकार देणं गंभीरच आहे. ज्याला लोकांनी ठेवावं असं वाटतं त्याने स्वतःच्या कामाबद्दल चार प्रश्नांना उत्तरं द्यायला हवीत. घरात मात्र यावर एकमत झालं नाही. शिकागो कौन्सिल ऑफ लॉयर्स श्रेणीबरोबर परिच्छेदभर कारणही लिहिते. तो परिच्छेद पूर्ण वाचा. श्रेणी ‘पात्र’ असूनही स्वभावाबद्दलची तक्रार त्या परिच्छेदात सापडते.

त्या अकरा नावांसाठी पुढच्या आठवड्यात सरकारी नोंदी पाहिल्या.

न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारी ज्युडिशियल इन्क्वायरी बोर्डाकडे जातात. चौकशी चालू असेपर्यंत सगळं गोपनीय असतं. बोर्डाने इलिनॉय कोर्ट्स कमिशनपुढे रीतसर आरोप दाखल केले की मगच कागद जाहीर होतात. कमिशन समज देऊ शकतं, निलंबित करू शकतं, पदावरून काढूही शकतं. नाव टाकून काही सापडलं नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की जाहीर झालेलं प्रकरण नाही. ‘तक्रार कधी आलीच नाही’ असा अर्थ काढू नका.

नव्या उमेदवारांसाठी एआरडीसी, म्हणजे राज्यातल्या वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणारी संस्था. नाव टाकलं की सनद कोणत्या वर्षी मिळाली, चालू आहे का, जाहीर शिस्तभंग आहे का, हे दिसतं. इलिनॉयच्या राज्यघटनेत न्यायाधीशासाठी अनुभवाची किमान वर्षं सांगितलेलीच नाहीत. नागरिकत्व, राज्यातली वकिलीची सनद आणि त्या मतदारसंघातलं वास्तव्य, बस एवढंच. म्हणून सनदेचं वर्ष पाहणं हे पहिलं काम.

नावाकडेही नीट बघा. कुक काउंटीत आयरिश धाटणीचं नाव न्यायाधीशाच्या निवडणुकीत उपयोगी पडतं, हा जुना समज आहे आणि त्याला आधारही आहे. वायव्य उपनगरांतून २०१८ साली निवडून आलेल्या एका वकिलाने काही वर्षांपूर्वी आपलं नाव बदलून आयरिश नाव घेतलं होतं. गेल्या तीन वर्षांत नाव बदललं असेल तरच मतपत्रिकेवर जुनं नाव छापावं लागतं. त्याहून जुना बदल तिथे दिसत नाही. एआरडीसीच्या नोंदीत आणि जुन्या बातम्यांत तो सापडू शकतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो अपील कोर्टाच्या निकालांनी, आणि सगळ्यात जास्त कळलंही तिथेच. इलिनॉय कोर्टाच्या संकेतस्थळावर अपीलाचे निकाल पीडीएफमध्ये असतात आणि पहिल्याच पानावर खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाचं नाव छापलेलं असतं. न्यायाधीशाचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं. किती निकाल फिरवले गेले हे मोजत बसू नका. फौजदारी विभागात बसणाऱ्याच्या निकालांवर अपिलं जास्त येतात, वाहतूक कोर्टातल्याच्या निकालांवर फारच कमी, त्यामुळे आकड्यांची तुलना फसवी ठरते. निकाल का फिरवला ते वाचा. कायद्याचा मुद्दा दोन्ही बाजूंनी ताणता येण्यासारखा असेल तर त्यात काही गैर नाही. पण आरोपीला बोलूच दिलं नाही, पुराव्याकडे पाहिलंच नाही, असं वरच्या कोर्टाने म्हटलं असेल तर थांबा. खटला परत पाठवताना ‘दुसऱ्या न्यायाधीशापुढे चालवा’ असं लिहिलेलं दिसलं तर ती सगळ्यात मोठी खूण. वरचं कोर्ट हे सहजासहजी लिहीत नाही. आमच्या अकरांत एका नावापुढे हे सापडलं आणि त्या नावाचा निर्णय तिथेच झाला.

फेडरल कोर्टातले कागद हवे असतील तर पेसर हे त्या कोर्टांचं संकेतस्थळ आहे. पानामागे १० सेंट लागतात, तिमाहीत बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ. आम्ही दोन खटले पाहिले, काही द्यावं लागलं नाही.

देणग्यांची माहिती राज्याच्या निवडणूक मंडळाकडे मिळते. १,००० डॉलर किंवा त्याहून मोठी देणगी काही दिवसांत जाहीर करावी लागते, बाकीचा हिशेब दर तिमाहीला येतो. न्यायाधीश स्वतः पैसे मागू शकत नाही, ते काम त्याच्या समितीचं. रिटेन्शनवाले बरेचसे न्यायाधीश एकाच समितीत पैसे घालून एकत्र प्रचार करतात. म्हणून टपालाने येणाऱ्या ‘सगळ्यांना होय म्हणा’ या पत्रकातून कुणाही एकाबद्दल काहीच कळत नाही.

उमेदवाराचं संकेतस्थळ वाचून फारसं हाती लागत नाही, तेही समजून घ्यायला हवं. अमुक प्रकारच्या खटल्यात मी असा निकाल देईन, असं वचन देणं न्यायाधीशांच्या आचारसंहितेला धरून नाही. त्यामुळे सगळीकडे ‘निःपक्षपाती, अनुभवी, कुटुंबवत्सल’ इतकंच असतं.

गुरुवारी, १७ ऑक्टोबरला अर्धा दिवस रजा काढून रोलिंग मेडोजच्या कोर्टात गेलो. आपल्या वायव्य उपनगरांचं, म्हणजे तिसऱ्या म्युनिसिपल डिस्ट्रिक्टचं, हे कोर्ट. वेगाची तिकिटं, घरं रिकामी करून घेण्याचे दावे, छोटे दिवाणी दावे, फौजदारी खटले इथे चालतात. कोर्ट सर्वांना खुलं आहे, ओळख सांगावी लागत नाही. सुरक्षा तपासणीतून जायचं, मागच्या बाकावर बसायचं. फोटो, रेकॉर्डिंग अजिबात नाही. फोन बंद ठेवा आणि दारावरची सूचना आधी वाचा. सकाळची पहिली पुकार गाठा, तेव्हा एका तासात तीसेक प्रकरणं डोळ्यांसमोरून जातात. आम्ही दोन कोर्टरूममध्ये पाऊण-पाऊण तास बसलो. एका ठिकाणी न्यायाधीश प्रत्येकाला नावाने हाक मारून, दुभाष्या लागेल का विचारून, पुढची तारीख दोनदा सांगत होते. दुसरीकडे वकील नसलेल्या माणसाला वाक्य पुरं करू न देता पुढची फाइल उघडली जात होती. परतताना गाडीत आम्ही बराच वेळ बोललो नाही. पाऊण तासावरून कुणाचं सहा वर्षांचं काम जोखता येत नाही हे खरं, पण परिच्छेदात वाचलेला ‘स्वभाव’ हा शब्द त्या दिवशी कळला. आणि हेही उमगलं की आपल्यापैकी बहुतेकांचा कोर्टाशी संबंध येईल तो असाच: एखादं तिकीट, घटस्फोट, वडिलांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट. तेव्हा समोर बसलेली व्यक्ती याच यादीतली असणार.

यादी इतकी काळजीने का वाचायची, याला कुक काउंटीचा इतिहासही कारण आहे. १९८० च्या दशकात एफबीआयच्या ऑपरेशन ग्रेलॉर्डमध्ये इथल्या १७ न्यायाधीशांवर आरोप ठेवले गेले, १५ दोषी ठरले. दारू पिऊन गाडी चालवल्याचे खटलेसुद्धा पैसे देऊन मिटवले जात होते. पुढे १९९३ मध्ये थॉमस मॅलोनी हा न्यायाधीश खुनाच्या खटल्यांत लाच घेतल्याबद्दल दोषी ठरला. तरीही रिटेन्शनला कुणी पडत नसे. १९९० नंतर थेट २०१८ मध्ये मॅथ्यू कोघलन यांना मतदारांनी घरी पाठवलं, २०२० मध्ये जॅकी पोर्टमन-ब्राउन यांना.

२० ऑक्टोबरला शेवटचे निर्णय घेतले. अकरांपैकी पाच ‘नाही’, चार ‘होय’. दोन नावांवर आमचं जमलं नाही, तिथे ज्याने त्याने आपापलं मत ठेवलं. बाकी सगळे ‘होय’. काही ओळखीचे लोक सरसकट ‘नाही’ देतात, व्यवस्थेवरचा निषेध म्हणून. मला ते पटत नाही. चांगलं काम करणाऱ्याला वाईट काम करणाऱ्याच्या रांगेत उभं केलं की निषेध कुणापर्यंत पोचतच नाही.

निर्णय दोन छापील पानांवर उतरवले, फक्त क्रम, आडनाव आणि होय-नाही. असा कागद मतदान केंद्रात नेता येतो. फोनच्या भरवशावर राहू नका, आणि भरलेल्या मतपत्रिकेचा फोटो काढून कुणाला दाखवणं इलिनॉयमध्ये गुन्हा आहे, हे घरातल्या पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलांना आवर्जून सांगा. कागद परत आणा, बूथमध्ये विसरू नका.

शनिवार, २६ ऑक्टोबरला अर्ली व्होटिंगला गेलो. रांगेत चाळीस मिनिटं, आत अठरा मिनिटं. त्यातली चौदा न्यायाधीशांची. स्क्रीनवर एकेक पान पुढे जातं, एखादा प्रश्न सुटला तर शेवटच्या आढावा पानावर कळतं. कागदी पत्रिकेवर ही सोय नाही, म्हणून तिथे कागदावरच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून भरा. मतदानाच्या दिवशीच जायचं असेल तर केंद्रं सकाळी ६ ते संध्याकाळी ७ उघडी असतात आणि आधी सांगून ठेवलंत तर नोकरीच्या वेळेतून दोन तास सुटी मागता येते. नोंदणी राहून गेली असेल तरी ओळखीची दोन कागदपत्रं घेऊन त्याच दिवशी नोंदणी करून मत देता येतं.

५ नोव्हेंबरच्या रात्री आमच्या पाच नावांचे आकडे बघत बसलो होतो. ६० टक्क्यांच्या आसपास घुटमळणाऱ्या नावाचा निकाल त्या रात्री लागत नाही. वेळेत टपालात पडलेल्या मतपत्रिका पुढचे १४ दिवस स्वीकारल्या जातात, म्हणजे त्या वर्षी १९ नोव्हेंबरपर्यंत. नव्या मुदती डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, २ डिसेंबरला सुरू झाल्या. ती स्प्रेडशीट आम्ही जपून ठेवली आहे. त्यातल्या ‘होय’ दिलेल्या नावांपुढे एक नवा रकाना जोडला: पुढची रिटेन्शन, २०३०. २०२६ ची यादी वेगळी, ती त्या वर्षीच्या मे महिन्यातली आणि तिच्यात नावं दुसरी. त्याआधीची १७ मार्च २०२६ ची प्रायमरी आम्ही कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली.